अट नाही, पण किंमत आहे : ख्रिस्ती धर्मातले देवाचे प्रेम



नेदरलँड्समध्ये राहायला आले की काही गोष्टी आपोआप अंगवळणी पडतात. सायकल, पाऊस, दुपारच्या जेवणाला थंडगार ब्रेड-चीज आणि गावाच्या मधोमध उभे असलेले चर्च. पत्ता सांगतानासुद्धा आपण "चर्चच्या मागच्या गल्लीत" असाच सांगतो. मुलांच्या शाळेच्या नावात बऱ्याचदा 'ख्रिस्ती' असा शब्द असतो. डिसेंबरात मुले ख्रिसमसची गाणी पाठ करून घरी येतात. इस्टरचा सोमवार आणि 'हेमेलफार्त'चा गुरुवार यांची तर आपण कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवतो, कारण लाँग वीकएंड!

पण या सगळ्याच्या मुळाशी नेमके काय आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी फारसे पाहिलेले नसते. मग एक दिवस मुले विचारतात, "देव सगळ्यांवर प्रेम करतो म्हणे. म्हणजे वाईट माणसांवर पण?" आणि आपण "आधी वरणभात संपव" म्हणून वेळ मारून नेतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा एक प्रयत्न. आमचे शिक्षण इंजिनिअरिंगचे आणि पोटापाण्याचा उद्योग सॉफ्टवेअरचा. त्यामुळे यात धर्माचा प्रचार नाही आणि पांडित्यही नाही. ज्या देशात आपण राहतो, त्या देशाच्या विचाराचा पाया समजून घ्यावा, एवढाच हेतू आहे. उदाहरणेही शक्यतो इथलीच घेतली आहेत, म्हणजे पुढच्या शनिवारी ट्रेनने जाऊन बघता येतील.

आधी शब्द पाहू

मराठीत प्रेमाला शब्दांची कमी नाही. माया, जिव्हाळा, वात्सल्य, स्नेह, लळा, प्रीती, भक्ती... प्रत्येकाची छटा वेगळी. बायबलचा 'नवा करार' मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि ग्रीकमध्येही असेच वेगवेगळे शब्द होते. स्त्री-पुरुषांमधल्या ओढीला 'एरॉस', मैत्रीला 'फिलिया', घरच्या मायेला 'स्टॉर्गे'. पण नव्या करारात देवाच्या प्रेमासाठी जो शब्द वारंवार येतो, तो आहे 'अगापे'. समोरचा आवडतो म्हणून, किंवा त्याने काही दिले म्हणून नव्हे, तर त्याचे भले व्हावे म्हणून केलेले प्रेम, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. मराठी बायबलमध्ये यासाठी 'प्रीती' हा शब्द वापरलेला आहे. लॅटिनमध्ये त्याचे 'कारितास' झाले आणि त्यातूनच इंग्रजीतला चॅरिटी हा शब्द आला. डच भाषेत त्यातून माणसामाणसांसाठी 'नास्तेनलिफ्दे' म्हणजे शेजाऱ्यावरचे प्रेम हा शब्द रूढ आहे. इथल्या बातम्यांमध्ये, भाषणांमध्ये, अगदी देव न मानणाऱ्यांच्या तोंडीही तो सर्रास येतो.

ही कल्पना मराठीतही नवी नाही बरं का! इंग्लंडहून गोव्याला १५७९ साली आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूंनी मराठी ओवीमध्ये 'क्रिस्तपुराण' लिहिले आणि ते १६१६ साली गोव्यातल्या रायतूर इथे छापले गेले. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या १४ वर्षे आधी, येशूची कथा ज्ञानोबांच्या छंदात सांगून झाली होती.

दोन मुलांचा बाप

देवाचे प्रेम कसे असते हे सांगायला येशूने व्याख्या दिली नाही, गोष्ट सांगितली. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात ती आहे. आपल्या शब्दांत थोडक्यात अशी :

एका माणसाला दोन मुलगे. धाकटा म्हणतो, माझा वाटा मला आत्ताच द्या. बाप जिवंत असताना वाटणी मागणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. बाप वाटणी करून देतो. मुलगा दूरदेशी जातो, सगळे उडवतो, दुष्काळ पडतो आणि शेवटी डुकरे राखायची वेळ येते. ज्यू मुलाने डुकरे राखणे म्हणजे अधःपतनाची परिसीमाच. मग त्याला घर आठवते. मुलगा म्हणून नाही तर निदान गडी म्हणून तरी ठेवा, असे काहीतरी बोलायचे तो मनात घोकत निघतो.

आता गंमत पाहा. तो दूर असतानाच बापाला दिसतो आणि बाप धावत सुटतो! त्या काळच्या समाजात घरच्या वडीलधाऱ्या माणसाने अंगरखा सावरत रस्त्यातून धावणे अगदीच अशोभनीय होते. आपल्याकडेही वाड्याचे मालक धावत नसत, इतर लोक त्यांच्यापुढे धावत. बाप मुलाचे पाठ केलेले भाषण पुरते ऐकूनही घेत नाही. नवा झगा, बोटात अंगठी, पायात जोडे आणि गावजेवण!

या गोष्टीचे जगातले सर्वात प्रसिद्ध चित्र एका डच माणसाने काढले आहे. रेम्ब्रांट १६०६ साली लायडनला जन्मला. १६३६ साली, म्हणजे चांगले दिवस असताना, त्याने या प्रसंगाचे एक एचिंग केले. पुढे १६४२ मध्ये पत्नी सास्किया गेली, १६५६ मध्ये दिवाळे निघाले, ॲमस्टरडॅमचे राहते घर विकले गेले आणि १६६८ मध्ये तरणाताठा मुलगा टिटस वारला. आयुष्याच्या अखेरच्या त्या वर्षांत त्याने हाच विषय मोठ्या कॅनव्हासवर पुन्हा रंगवला. १६६९ मध्ये तो गेला. मूळ चित्र आज रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. पण तेच राहते घर आता 'रेम्ब्रांट हाउस' म्युझियम आहे आणि तिथे त्याच्या एचिंग्जचा मोठा संग्रह आहे.

त्या चित्रात मुलगा गुडघे टेकून बसला आहे, डोके भादरलेले, एक पाय जोड्यातून निघालेला. म्हाताऱ्या बापाचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर आहेत. नाइकेर्क या डच गावात १९३२ साली जन्मलेले धर्मगुरू हेन्री नाउवेन यांनी या एकाच चित्रावर एक पुस्तक लिहिले, ते १९९२ साली प्रसिद्ध झाले. ते आपले लक्ष त्या हातांकडे वेधतात. दोन हात एकसारखे नाहीत. एक रुंद आणि बळकट आहे, दुसरा नाजूक आणि मऊ. एक बापाचा आणि एक आईचा, असे नाउवेन यांना जाणवले. विठ्ठलाला 'माउली' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच पटेल!

पण मग किंमत कोण भरते?

आमच्यासारख्या हिशेबी डोक्यात इथे पहिली शंका येते. एवढे सगळे उडवले त्याचे काय? 'माफ केले' असे म्हटल्याने पैसे परत येत नाहीत. एखाद्याने आपली गाडी ठोकली आणि आपण त्याला सोडून दिले, तरी गॅरेजचे बिल येतेच. फक्त ते आपल्या नावावर येते.

ख्रिस्ती विचारातला हा कळीचा मुद्दा आहे. क्षमा फुकट नसते. ज्याला मिळते त्याला फुकट असते, जो देतो त्याला तिची किंमत भरावी लागते. गोष्टीतल्या बापाने पैसा गमावला, वर गावात अब्रू गमावली. क्रूसाचा अर्थ ख्रिस्ती लोक याच अंगाने लावतात. माणसाने तोडलेले नाते जोडण्याची किंमत देवाने माणसाकडे न मागता, येशूच्या रूपाने स्वतः सोसली, अशी ती श्रद्धा आहे. ते नेमके कसे घडले यावर त्यांच्यात दोन हजार वर्षे चर्चा चालू आहे. कुणी कर्जफेडीची उपमा देतात, कुणी विजयाची, कुणी आदर्शाची. पण सोसणारा देव आहे, यावर एकमत आहे.

आपल्या परंपरेत 'करावे तसे भरावे' हा कर्माचा नियम आहे. पण त्याच परंपरेत जनाबाईबरोबर दळायला बसणारा विठोबाही आहे. तेव्हा पात्रता न पाहता जवळ येणारा देव आपल्याला परका नाही. फरक कुठे आहे? ख्रिस्ती धर्म हे सगळे एका ठरावीक ऐतिहासिक घटनेशी बांधतो. पाँतियस पिलात नावाचा रोमन सुभेदार असताना, जेरुसलेमच्या वेशीबाहेर, एका माणसाला क्रूसावर चढवले गेले आणि तिथे देवाचे प्रेम एकदाच आणि सर्वांसाठी दिसले, असे ते म्हणतात. हे मानायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण इथल्या अनेक चर्चच्या शिखरावर क्रूस का असतो, ते यातून कळते.

थोरल्याचे काय चुकले?

गोष्ट इथे संपत नाही. थोरला मुलगा शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो आणि दाराबाहेरच थांबतो. त्याची तक्रार अगदी रास्त आहे. इतकी वर्षे राबलो, शब्द मोडला नाही, मला कधी करडूसुद्धा दिले नाही आणि या उधळ्यासाठी पंगत! शिवाय धाकट्याचा वाटा तर आधीच संपला होता. म्हणजे आता जो खर्च चालला आहे तो एका अर्थी थोरल्याच्याच हिश्शातून!

आम्हाला वाटते की या गोष्टीत परदेशस्थ मराठी माणसासाठी खास काहीतरी आहे, कारण आपण एकाच वेळी दोन्ही मुलगे आहोत.

एकीकडे आपण थोरले. दहावी-बारावीचे मार्क, इंजिनिअरिंगची सीट, कॅम्पस, प्रोजेक्ट, ऑनसाइट... सगळे मेहनतीने मिळवले. इथला परवानासुद्धा अटींवर आहे. 'केनिसमिग्रांट' म्हणून आलो तर पगाराची ठरावीक मर्यादा गाठावी लागते. नोकरी गेली तर साधारण तीन महिन्यांत दुसरी शोधावी लागते. दरवर्षी अप्रेझल. आपले सगळे आयुष्य 'जर-तर'च्या कोडवर चालते. मग नकळत आपण मुलांशीही तसेच वागू लागतो. सीटो टेस्टचे मार्क आले की चेहरा खुलतो, नाही आले की घरात शांतता. आपले प्रेम कमी झालेले नसते, पण मुलाला ते तसेच दिसते.

दुसरीकडे आपण धाकटे आहोत. दूरदेशी गेलेले. गावाकडे आई-बाबांची बीपीची गोळी, डॉक्टरकडच्या फेऱ्या, पावसाळ्यात गळणारे छप्पर हे सगळे दादा आणि वहिनी बघतात. आणि आपण तीन आठवड्यांच्या सुट्टीवर गेलो की पुरणपोळीचा घाट आपल्यासाठी घातला जातो! त्या वेळी स्वयंपाकघरात वहिनींच्या मनात काय चालले असेल, हे थोरल्या मुलाची तक्रार वाचली की बरोबर कळते.

बाप थोरल्यालाही भेटायला स्वतः बाहेर येतो, त्याची समजूत काढतो, माझे सगळे तुझेच आहे म्हणतो. म्हणजे बाप दोनदा घराबाहेर पडतो, एकदा चुकलेल्यासाठी आणि एकदा न चुकलेल्यासाठी. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेच नाही. गोष्ट तिथेच थांबते. ते ऐकणाऱ्याने ठरवायचे.

प्रेमावरून झालेले भांडण

देवाचे प्रेम जर पात्रतेवर अवलंबून नाही, तर ते काहींना मिळते आणि काहींना नाही असे का दिसते? या प्रश्नावरून हा देश एकदा यादवीच्या उंबरठ्यावर आला होता.

लायडन विद्यापीठातले प्राध्यापक आर्मिनियस (मृत्यू १६०९) यांचे म्हणणे असे की देव कृपा सर्वांपुढे ठेवतो, ती स्वीकारायची की नाकारायची हे माणूस ठरवतो. विरोधक म्हणाले, माणसाच्या स्वीकाराची अट घातली तर कृपा कसली? देवच निवडतो आणि त्याची निवड माणसाच्या कशावरही अवलंबून नसते. आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० साली आपली बाजू पाच कलमांत मांडली. १६१८-१९ मध्ये डॉर्ड्रेख्तला मोठी धर्मसभा भरली आणि तिने आर्मिनियसच्या विरोधात निकाल दिला.

आपल्याकडे दक्षिणेतल्या वैष्णवांत अगदी हाच वाद झाला होता. मांजर पिल्लाला स्वतः तोंडात धरून नेते, पिल्लाला काहीच करावे लागत नाही. माकडाच्या पिल्लाला मात्र आईला घट्ट धरून ठेवावे लागते. भक्त मांजराचे पिल्लू की माकडाचे? डॉर्ड्रेख्तची सभा मांजराच्या बाजूची होती, असे म्हणायला हरकत नाही!

मात्र इथे वाद शब्दांवर थांबला नाही. त्यात राजकारण आणि सत्तास्पर्धाही मिसळली होती. १३ मे १६१९ रोजी ओल्डनबार्नेवेल्ट या ७१ वर्षांच्या ज्येष्ठ राजकारण्याचा हेगच्या बिनेनहोफमध्ये शिरच्छेद झाला. कायदेपंडित ह्यूगो द ग्रोट याला लूव्हेस्टाइनच्या किल्ल्यात डांबले. तिथून १६२१ मध्ये तो पुस्तकांच्या पेटीत लपून पळाला, ही गोष्ट इथल्या शाळेत जाणाऱ्या मुलांना माहीत असते. ज्या देवाच्या प्रेमाबद्दल वाद होता, त्याच्याच नावाने माणसाचे डोके उडवले गेले! सिद्धांत अचूक मांडल्याने प्रेम हाती लागतेच असे नाही, एवढे यातून नक्की कळते.

याच परंपरेतली एक गोष्ट मात्र आम्हाला फार आवडली. डच प्रोटेस्टंट चर्चमध्ये शिकवले जाणारे १५६३ सालचे 'हायडेलबर्ग प्रश्नोत्तर' तीन भागांत आहे : माणसाची दैना, तिच्यातून सुटका आणि मग कृतज्ञता. चांगले वागणे तिसऱ्या भागात येते! म्हणजे चांगले वागलात तर देव प्रेम करील असा क्रम नाही. प्रेम आधी मिळाले आहे, म्हणून आता चांगले वागा, असा आहे.

हार्लेममधले घड्याळाचे दुकान

आता प्रत्यक्ष माणसांकडे येऊ. हार्लेम स्टेशनवरून ग्रोटे मार्क्टकडे चालत जाताना बार्टेलयोरिसस्ट्राट लागतो. तिथे १९ नंबरला टेन बोम कुटुंबाचे १८३७ पासूनचे घड्याळाचे दुकान होते. दुसऱ्या महायुद्धात वृद्ध कास्पर टेन बोम आणि त्यांच्या दोन अविवाहित मुली, बेट्सी आणि कोरी, तिथे राहत होत्या. कोरी स्वतः परवानाधारक घड्याळजी होती, नेदरलँड्समधली पहिली महिला घड्याळजी.

जर्मनांच्या ताब्यातल्या या देशात तेव्हा सुमारे १,४०,००० ज्यू होते. त्यातले एक लाखाहून अधिक मारले गेले. गावोगावी चर्च असलेल्या देशात हे घडले, ही गोष्ट डच लोक आजही विसरलेले नाहीत. बहुतेकांनी दारे बंद ठेवली. टेन बोम कुटुंबाने उघडली. कोरीच्या खोलीत एक खोटी भिंत बांधून तिच्यामागे माणसे उभी राहू शकतील एवढी जागा केली होती.

२८ फेब्रुवारी १९४४ रोजी छापा पडला. भिंतीमागचे सहाही जण सापडले नाहीत, पण घरच्यांना पकडून नेले. ८४ वर्षांचे कास्पर दहा दिवसांत कैदेत गेले. दोघी बहिणी शेवटी जर्मनीतल्या राफेन्सब्रुक छळछावणीत पोचल्या. डिसेंबर १९४४ मध्ये बेट्सी तिथे मरण पावली. त्याच महिन्याच्या अखेरीस कोरी सुटली.

खरी परीक्षा पुढेच होती. १९४७ साली कोरी म्युनिकच्या एका चर्चमध्ये देवाच्या क्षमेवर बोलली. भाषण संपल्यावर एक माणूस पुढे आला आणि त्याने हात पुढे केला. तिने त्याला ओळखले, तो राफेन्सब्रुकचा पहारेकरी होता. त्याला क्षमा हवी होती. कोरीने नंतर लिहिले आहे की तिचा हात उठेना. मनात प्रेमाचा लवलेश नव्हता, डोळ्यांपुढे बेट्सी होती. शेवटी तिने देवाला मनातल्या मनात म्हटले की हात मी उचलते, भावना तू दे. हात यंत्रासारखा पुढे गेला, आणि मग बाकीचे आपोआप झाले.

'अगापे' म्हणजे काय, हे या प्रसंगाइतके स्पष्ट करणारे दुसरे उदाहरण आम्हाला सापडले नाही. इथे भावना आधी नाही, कृती आधी आहे. आणि किंमत सगळी कोरीनेच भरली, पहारेकऱ्याने नव्हे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. ही क्षमा कोरीची स्वतःची होती. दुसऱ्या पीडिताने ती द्यायलाच हवी असे कुणी त्याला सांगू शकत नाही आणि त्यामुळे न्यायालयाचे कामही संपत नाही. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला 'माफ कर' असा उपदेश करायला हे उदाहरण वापरणे म्हणजे त्याचा विपर्यास आहे.

१९६७ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने कोरीचा गौरव केला. १९७१ साली तिचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. १५ एप्रिल १९८३ रोजी, तिच्या ९१ व्या वाढदिवशी, ती गेली. ते घर आज संग्रहालय आहे आणि ती भिंतही तिथे पाहायला मिळते.

९६ दिवसांची उपासना

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना जवळचे. इथल्या कायद्यानुसार उपासना चालू असताना पोलिसांना प्रार्थनास्थळात शिरता येत नाही. २०१८ साली आश्रयाचा अर्ज फेटाळलेले एक आर्मेनियन कुटुंब हद्दपार होणार होते. आई-वडील आणि तीन मुले, नऊ वर्षे या देशात राहिलेली. हेगच्या बेथेल चर्चने २६ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांच्यासाठी उपासना सुरू केली आणि ती थांबवलीच नाही! रात्रंदिवस, आळीपाळीने, देशभरातून आणि देशाबाहेरूनही शेकडो धर्मगुरू येत राहिले. आपल्या भाषेत सांगायचे तर अखंड हरिनाम सप्ताह, पण तब्बल ९६ दिवसांचा. ३० जानेवारी २०१९ रोजी, सरकारी पक्षांनी शेकडो मुलांच्या अर्जांचा फेरविचार मान्य केल्यावर, उपासना संपली. त्या कुटुंबाला पुढे राहायला मिळाले. मात्र त्याच तडजोडीत ती सवलत पुढे येणाऱ्यांसाठी बंद झाली. एका कुटुंबासाठी कायद्याच्या फटीचा असा वापर करावा का, यावर तेव्हा मतभेदही होते.

'शेजारी' कुणाला म्हणायचे या प्रश्नावर येशूने दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली होती. वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणारा हा परक्या, तिरस्कृत जमातीचा होता. बेथेल चर्चच्या लोकांनी ती गोष्ट पहाटे तीन वाजताही जागून पाळली, असे म्हणता येईल.

आणि आपल्या घरात?

मराठीत या प्रेमाची किंमत कुणी भरली असेल, तर टिळक दांपत्याने. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा गुरूही आहे आणि आईही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. १९१७ साली त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

पण टिळकांच्या निर्णयाची पहिली किंमत भरली ती लक्ष्मीबाईंनी, आणि तीही त्यांना न विचारता! संसार मोडला, काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. नंतर स्वतःच्या विचाराने, १९०० साली, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९३० च्या दशकात आलेले त्यांचे 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणावर त्या मनसोक्त हसतात, स्वतःवर त्याहून जास्त हसतात आणि कुणाबद्दलही कडवटपणा ठेवत नाहीत. धर्मशास्त्राचा ग्रंथ न वाचताही ते पुस्तक वाचून 'प्रीती' म्हणजे काय हे पुष्कळसे कळते. इथे वाढलेल्या मुलांना मराठी वाचून दाखवायलाही ते उत्तम आहे.

तर मंडळी, "वाईट माणसांवर पण?" या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माचे उत्तर "हो" असे आहे. पण त्या 'हो'ला दुसरी बाजू आहे. घेणाऱ्यासाठी अट नाही, पण देणाऱ्याला किंमत आहे. मुलांना सांगताना हे दोन्ही भाग सांगावेत, असे आम्हाला वाटते. फक्त पहिला भाग सांगितला तर प्रेम म्हणजे लाड वाटतील. फक्त दुसरा सांगितला तर ते ओझे वाटेल.

आणि हो, पुढच्या वेळी भारतात जाल तेव्हा दादा-वहिनींसाठी एक दिवस राखून ठेवा. त्या दिवशी स्वयंपाक आपण करायचा, पंगतीत पहिले पान त्यांचे!